वाड्यांच्या याद्या झाल्या, गल्लीचं काय?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेत आमच्या समोरचा वाडा पाडला. तसा साधाच होता, ना नक्षीचे खांब ना चौकात कारंजं, हेरिटेजच्या यादीत येण्यासारखं काही नव्हतं. पण त्या बाजूला सात घरं भिंतीला भिंत लागून उभी होती, सगळ्यांचे ओटे एका रेषेत, वर गजांच्या खिडक्या आणि उतरती कौलं, आणि आता मधेच पत्रे ठोकलेत, शेजारच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली निळ्या रंगाची देवळी अजून दिसते. फोटो शोधले तर एका लग्नाच्या अल्बममध्ये वरातीमागे अर्धा दिंडी दरवाजा सापडला, बस.

आपल्याकडे हेरिटेजचे ग्रेड एक, दोन, तीन असे एकेका इमारतीला देतात. मुंबईत 1995 च्या हेरिटेज नियमांत इमारतींबरोबर अख्खे परिसरही धरलेत, आणि पेठांना खरं तर तेच लागू पडतं, कारण इथे एकटा वाडा बघून काही कळत नाही. रस्ता किती रुंद आणि घर किती उंच, फळ्यांच्या दारांची दुकानं, पार, भिकारदास मारुती नाहीतर खुन्या मुरलीधराच्या देवळाकडे वळणारा रस्ता, हे सगळं मिळून पेठ दिसते.

मी रिडेव्हलपमेंटच्या विरोधात नाही. गळकं छप्पर आणि कॉमन संडास आम्हीही सोसलेत. पण नवीन बिल्डिंग मागे सरकते, खाली पार्किंग, पुढे गेट, ओटा गेला की संध्याकाळी तिथे बसणारी माणसंही गेली. जुन्या रेषेची नोंद असेल तर निदान नवीन बांधकामाला सांगता तरी येईल की ओटा आणि दुकानं रस्त्यालगत ठेवा.

अख्ख्या गल्लीची नोंद करायचं काम फार अवघड नाही हो. गल्लीच्या दोन्ही बाजूंचे समोरून फोटो काढून सलग जोडायचे, जोत्याची, मजल्यांची उंची आणि रस्त्याची रुंदी टेपने मोजायची, झाडं, पाट्या, लोंबणाऱ्या वायरी सगळं लिहायचं, आणि मग कुठली गल्ली अजून टिकून आहे, कुठली पार गेली ते ठरवायचं. आर्किटेक्चरची मुलं अभ्यासासाठी वाडे मोजतातच, त्यांना अख्खी गल्ली द्या.

कोपऱ्यावरचा वाडाही रिकामा होतोय असं ऐकतोय. मी मोबाईलवर फोटो काढलेत, अकरा ओटे मोजून वहीत लिहिलेत, ते कुणाकडे द्यायचे तेवढं कुणीतरी सांगा.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे