स्कुबाचे सामान: बिलानंतरचा खर्चही सांगा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्कुबा डायव्हिंगचा पहिला कोर्स संपला की अनेक जण उत्साहाच्या भरात अख्खा संच एकदम विकत घेतात. दोन वर्षांत सर्व्हिसिंगची मुदत येते, त्याला पैसे उरत नाहीत आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोगी करून तोंडाशी देणारे उपकरण) तसाच पाण्यात नेला जातो. हे धोक्याचे आहे.

पैसे बेताचे असतील तर आधी फक्त मास्क घ्यावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढून रोखा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर बसला. हवा शिरत असेल तर कितीही महाग असला तरी परत ठेवा. पट्टा आवळल्याने सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते.

मोठ्या खर्चात पहिला मान डाइव्ह कॉम्प्युटरचा, म्हणजे खोली आणि वेळ मोजून किती वेळ खाली राहता येईल हे सांगणाऱ्या यंत्राचा. प्रत्येकाची खोली आणि वेळ वेगळी असते, शिवाय आधीच्या डाइव्हचा नायट्रोजन शरीरात शिल्लक असतो. म्हणून जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर विसंबता येत नाही. बॅटरी स्वतः बदलता येते की तो कंपनीकडे पाठवावा लागतो, हे मात्र आधी विचारा.

खरा हिशेब चुकतो तो रेग्युलेटरचा. फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरला जोडला जाणारा भाग, सिलिंडरमधला सुमारे 200 बारचा दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण 10 बार जास्त इतक्यावर आणते. तिथल्या झडपेची बैठक (सीट) झिजली की हा उतरवलेला दाब हळूहळू चढतो आणि सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, आपोआप हवा सुटू लागते. न वापरता ठेवला तरी ओ-रिंग (सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) सुकतात, आत राहिलेले मीठ धातू खाते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा वर्षा-दोन वर्षांनी, तो उघडून सुटे भाग बदलावे लागतात. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) यांसाठी सुट्या भागांचे तीन किट लागतात, मजुरी वेगळी. किट मिळत नसेल किंवा जवळ तंत्रज्ञ नसेल तर स्वस्तातला रेग्युलेटर सर्वांत महाग पडतो.

जुना घेणार असाल तर सांगितलेल्या किमतीत एक पूर्ण सर्व्हिसिंग मिळवूनच घासाघीस करा. सिलिंडर न जोडता, फर्स्ट स्टेजचे तोंड टोपणाने घट्ट बंद करून श्वास ओढा. हवा आत आली तर डायफ्रॅम (रबरी पडदा), एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप) किंवा एखादा सांधा गळतो आहे. फर्स्ट स्टेजच्या तोंडाजवळची जाळी हिरवी पडली असेल तर आत पाणी गेलेले असण्याची शक्यता आहे. होजवरची (हवेच्या नळ्यांवरची) रबरी आवरणे मागे सरकवून पाहा, भेगा तिथेच लपतात.

बीसीडी (हवा भरून पाण्यातली तरंगण्याची पातळी सांभाळणारे जॅकेट) आणि वेटसूट (अंगाची ऊब राखणारा सूट) काही काळ भाड्याने वापरा. कोणत्या तापमानाच्या पाण्यात जास्त उतरणार हे कळल्याशिवाय सूटची जाडी ठरत नाही. सिलिंडर तर बहुतेकांनी घेऊच नये. ठरावीक मुदतीने आतून तपासणी, अनेक देशांत पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि प्रवासात वजन, हे सगळे भाड्यात सुटते.

प्रशिक्षण केंद्रांना आणि विक्रेत्यांना आग्रहाची विनंती आहे की, रेग्युलेटर, बीसीडी आणि सिलिंडरच्या किमतीशेजारीच सर्व्हिसिंगची मुदत, किटची किंमत आणि मजुरी लेखी द्यावी. ग्राहकानेही ती पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

आपला,
एक स्कुबा प्रशिक्षक