प्रवाळटाकीचे दिवे आणि नियंत्रक

संपादक महोदय,

घरी पाच-सहाशे लिटरची प्रवाळटाकी उभारणारे आधी दिव्यांचे वॉट विचारतात. परंतु वॉटवरून वीजबिलाखेरीज फारसे काही कळत नाही. प्रवाळाच्या ऊतींतील सूक्ष्म शैवालांना मुख्यतः निळा प्रकाश लागतो आणि तो खोलवर किती पोहोचतो, हे पार मीटरनेच, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश (पीएआर, बोलीत ‘पार’) मोजणाऱ्या यंत्रानेच समजते. मऊ प्रवाळांना साधारण १०० पार पुरतो, तर फांदीदार कठीण प्रवाळांना २५० ते ३५० लागतो. मात्र आपल्या समुद्रातील कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने त्यांच्यासाठीचे महागडे दिवे गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याला चार प्रश्न अवश्य विचारावेत. मेटल हॅलाइड या जुन्या धाटणीच्या तापणाऱ्या दिव्यांचा प्रकाश उत्तम खरा, पण मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी २६ अंशांवर राखताना त्यांची उष्णता चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) जड जाते. तेथे एलईडीच बरे.

टाकीतील हीटर, पंप वगैरे आपोआप चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाबाबत माझे मत जरा कडवे आहे. मोबाइलवर सुबक आलेख दाखवणारे यंत्रही चालू स्थितीत चिकटलेल्या रिलेपुढे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचपुढे) हतबल असते, म्हणून पुण्यासारख्या ठिकाणी थंडीत हीटर वापरताना त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट नियंत्रकाच्या मर्यादेहून एखादाच अंश वर ठेवावा, बाष्पीभवनाची भरपाई करणाऱ्या पंपाला दोन फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार पंप बंद करणारे तरंगते स्विच) असावेत आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) तर हवाच. पाण्याची आम्लता मोजणारा पीएच प्रोब वेळोवेळी कॅलिब्रेट न केल्यास त्याचे आकडे निव्वळ शोभेचे ठरतात. वीज गेल्यावर प्रकाशाआधी प्राणवायू लागतो, त्यामुळे दिव्यांवरील खर्चात काटकसर करून लाटा निर्माण करून पाण्यात प्राणवायू मिसळत ठेवणाऱ्या पंपाला बॅटरी जोडावी.

आपला,
एक वाचक, ठाणे