सुटला कधी, एवढंच लिहा
(आमच्या काउंटीच्या शेरीफांना, म्हणजे जिल्ह्याचं जेल चालवणाऱ्या, निवडून आलेल्या पोलीसप्रमुखांना खुले पत्र)

माननीय शेरीफ महोदय,
सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयात टपालाने पोचली असेल. ही मराठी प्रत सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या आमच्या माणसांसाठी आहे आणि त्यांच्या कराड-साताऱ्याकडच्या आईवडिलांसाठीही. तुमच्या जेलच्या संकेतस्थळावरच्या कैदी-शोधात रात्री दोन वाजता पोराचं नाव टाकत बसायची वेळ कुणावर येऊ नये. माझ्यावर आली.

भाच्याला दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून शनिवारी रात्री पकडलं. गाडीत बसलेल्या त्याच्या मित्राने मला फोन केला, म्हणून कळलं तरी. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अटकेनंतर तीन तासांच्या आत तीन फोन करायला मिळतात, आणि ते स्थानिक असतील तर फुकट. पण मोबाइल काढून घेतल्यावर आजच्या पोराला नंबर पाठ असतो तो फक्त आईचा, आणि त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, कराडला. माझा नंबर पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. मामा लागतो तो फक्त पार्किंगची पावती आली तर!

मी आडनाव टाकलं, 'पाटील'. नोंद नाही. नाव टाकलं, नोंद नाही. बहीण फोनवर, तिकडे दुपारचे अडीच, मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या. राज्याच्या तुरुंगांचा शोध पाहिला, केंद्राचा पाहिला, १९८२ पासूनच्या कैद्यांचा. अक्कल नंतर आली. काउंटी जेल म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा कारागृहासारखं, कच्च्या कैद्यांचं आणि लहान शिक्षांचं. राज्याचं प्रिझन म्हणजे येरवडा. काल रात्री पकडलेला मुलगा येरवड्याच्या यादीत शोधण्यात काय अर्थ?

मग एका खासगी साइटने 'जेल रेकॉर्ड सापडलं' असं लाल अक्षरात दाखवलं आणि तीस डॉलर मागितले. मी भरले. सांगायला लाज वाटते, पण भरले. आत निघाले नेवाडातले एक साठीचे पाटील.

सकाळी सहाच्या सुमाराला एका मराठी मित्राने युक्ती सांगितली: बापाचं नाव आडनाव म्हणून टाकून बघ. आमच्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन घरं असतात. तुमच्या बुकिंगच्या, म्हणजे जेलमध्ये नोंद करण्याच्या, खिडकीवर ती कुठल्या क्रमाने लिहिली जातील याचा नेम नाही. तसं टाकूनही काहीच आलं नाही. कारण तोवर तो सुटला होता! पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, न्यायालयात हजर राहण्याच्या लेखी हमीवर. जामीन नाही, जातमुचलक्यासाठी न्यायाधीशासमोर उभं राहणंही नाही. तुमची यादी फक्त आत असलेल्यांची. माणूस दाराबाहेर पडला की त्याची ओळ पुसली जाते आणि पडद्यावर तेच वाक्य येतं, जे कधीच न पकडलेल्या माणसासाठी येतं. सुटला, दुसऱ्या जेलला नेला, दवाखान्यात हलवला की इमिग्रेशनवाल्यांच्या गाडीत बसवला, सगळ्याला उत्तर एकच: नोंद नाही. फोनवर यंत्राने सांगितलं, नोंदी विभाग सोमवार ते शुक्रवार. साडेनऊला पोरगा स्वतःच दारात उभा राहिला. फोनची बॅटरी संपलेली, बस सुरू होईपर्यंत थांब्यावर बसून काढलेली रात्र.

आता मुद्द्याचं. मी काही जगावेगळं मागत नाही. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक नोंदी कायद्यात, नव्या क्रमांकाप्रमाणे शासकीय संहितेच्या कलम ७९२३.६१० मध्ये, अटक झालेल्या माणसाबद्दल काय उघड करायचं ते लिहिलेलं आहे: नाव, अटकेची आणि बुकिंगची तारीख-वेळ, आरोप, जामिनाची रक्कम, आणि सुटकेची वेळ व प्रकार किंवा सध्या कुठे ठेवलंय ती जागा. कुणाच्या जिवाला किंवा तपासाला धोका असेल तर अपवाद आहे, तो राहू दे. म्हणजे जे कायद्याने लोकांचं आहे ते तुमच्या संगणकात आहेच. ते फक्त अर्ज करणाऱ्याला द्यायचं, आणि अर्जाला उत्तर द्यायला कायदा दहा दिवस देतो, वर चौदा दिवसांची मुदतवाढ. दहा दिवसांनी मला कळणार की भाचा त्या रविवारी पहाटे सुटला होता!

मग सगळ्या सुटकांची यादीच लावून टाका, असं आमच्यातले काही जण म्हणतील. मी म्हणत नाही. २०१७ चा राज्याचा एसबी ५४ कायदा शेरीफना इमिग्रेशन खात्याला सुटकेच्या तारखा कळवण्यापासून बऱ्याच अंशी रोखतो, पण त्यात एक फट आहे: माहिती आधीच सर्वांसाठी खुली असेल तर ती देता येते. मार्च २०१८ मध्ये ऑरेंज काउंटीच्या शेरीफ विभागाने नेमकी तीच वाट धरली आणि कैद्यांच्या सुटकेच्या तारखा संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. तेव्हा 'सुटणार कधी' आणि 'सुटला कधी' यांत मराठीत एका शब्दाचं अंतर असलं, तरी दारात उभं राहून वाट बघणारी माणसं वेगवेगळी आहेत. आम्हाला दुसरं हवंय. माणूस बाहेर पडून गेल्यावर एक ओळ: अमुक वाजता सुटला, अमुक प्रकारे. दुसरीकडे नेलं असेल तर तसं. ती ओळ तीन दिवस राहू द्या, मग काढा.

तीनच दिवस का, तर त्या खासगी साइट्समुळे. सरकारी वकिलांनी भाच्यावर आरोपपत्र दाखलच केलं नाही. अशा अटकेची नोंद न्यायालयाकडून बंद करून घेण्याची सोय २०१८ पासून आहे, आणि आम्ही ती करून घेतली. पण अटकेनंतर काढलेले फोटो लावणाऱ्या एका फोटोविक्या साइटवर तो अजून विस्कटलेल्या केसांनी उभा आहे. २०१५ पासून कॅलिफोर्नियात असा फोटो काढून टाकण्यासाठी पैसे मागायला बंदी आहे; न मागता नुसता लावून ठेवला तर काय करायचं ते मला अजून सापडलेलं नाही. म्हणून मी फोटो मागत नाही, जन्मतारीख मागत नाही, पत्ता तर नाहीच.

ज्यांना सुटकेच्या क्षणीच कळायला हवं अशीही माणसं आहेत, आणि त्यांचा हक्क माझ्या बहिणीपेक्षा मोठा आहे. १९८३ मध्ये मार्सी निकोलस या विद्यार्थिनीचा तिच्या जुन्या मित्राने खून केला. आठवड्याभरात तिची आई वाण्याच्या दुकानात गेली आणि समोर तोच उभा. जामिनावर सुटला होता, घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तिच्या नावाचा कायदा राज्यघटनेत घातला. पीडितांनी मागितली तर सुटकेची खबर मिळणं हा आता त्यांचा हक्क आहे. केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये मेरी बायरनला जेलमधून सुटलेल्या जुन्या मित्राने मारलं, ६ डिसेंबर १९९३ रोजी, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी; तो सुटल्याचं तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर वर्षभरात तिथल्या काउंटीने 'वाइन' ही सूचनासेवा सुरू केली, जी आज देशभर फोन, मेसेज आणि ईमेलने कळवते. आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात मी या सेवेचं नाव घेतलं तेव्हा एका बाईने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, 'नवऱ्याला कळतं का, कुणी नोंदवलं ते?' कळत नाही. पण हे तिला मी सांगायला लागलं. तुमच्या संकेतस्थळावर ती जोडणी कुठल्या पानाच्या तळाशी आहे ते बघून घ्या.

आणि पहाटे चारबद्दल. २००९ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या लॉस्ट हिल्स ठाण्यातून चोवीस वर्षांच्या एका तरुणीला मध्यरात्रीनंतर सोडलं, तेव्हा तिच्याकडे ना फोन होता ना पाकीट. पुढच्या वर्षी डोंगरात तिचे अवशेष सापडले. भाचा बसथांब्यावर बसला होता हे कळल्यावर मला तीच बातमी आठवली, बहिणीला मी ती अजून सांगितलेली नाही. सोडताना फोन चार्ज करायला पंधरा मिनिटं द्या, किंवा निदान एक फोन करू द्या, हवं तर कराडला.

नावांचं तेवढं बघा. पासपोर्टवर छापलेलं आडनावच आडनावाच्या घरात भरा आणि शोध तिन्ही नावांतून चालू द्या. दोन तासांहून जास्त ठेवलेल्या परदेशी नागरिकाला वकिलातीशी बोलण्याचा हक्क सांगणं तुमच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा पासपोर्टबद्दल विचारणा होतच असणार.

तुमची सध्याची मुदत २०२८ पर्यंत आहे, घाईची गोष्ट नाही असं कुणी तुम्हाला सांगेल. मी मात्र कलम ७९२३.६१० खाली अर्ज टाकला आहे: गेल्या महिन्यात शनिवार-रविवारच्या रात्री सुटलेल्या माणसांच्या सुटकेच्या फक्त वेळा, नावं नकोत. दहावा दिवस येत्या गुरुवारी आहे. उत्तर इंग्रजीत चालेल.

कळावे,
आपल्या काउंटीतला एक मतदार आणि एका भाच्याचा मामा