रुग्ण कल्याण समितीत रुग्णालाही बसवा

संपादक महोदय,

सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठका होतात, निधीच्या खर्चाला मंजुरी मिळते. पण त्याच दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या नेणारा माणूस त्या बैठकीत सहसा नसतो. कोणती गोळी वरचेवर संपते, एसटीच्या वेळेत तपासणी उरकते का, हे त्याच्याइतकं कोण सांगणार?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, पांढरे कपडे पाहिले की मेलेल्या माणसाची आठवण होते, असं लोकांनी सांगितलं. मग गोंडांच्या वस्तीसारखा झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरी या त्यांच्या देवीचं नाव मिळालं. लोकांना तो आपला वाटला, यात नवल नाही.

सरकारी यंत्रणेतही हे झालं आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची गुणपत्रकं भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले. ही पद्धत प्रत्येक तालुक्यात रुजायला हवी होती.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेत रुग्णांचे १७ हक्क आहेत. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार राज्यातल्या खासगी रुग्णालयांनाही हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती हवीच. पण तिचा आधार बहुधा काही बिघडल्यावर घेतला जातो. उपचार ठरतानाच रुग्णाचं ऐकलं तर कितीतरी त्रास टळेल. माझ्या आईला मधुमेहाची गोळी दोन्ही जेवणांआधी लिहून दिली होती. कामाच्या दिवसांत ती दुपारी शेतावर धड जेवत नाही, हे कोणी विचारलंच नाही. साखर उतरून तिला घेरी यायची. विचारलं ते आमच्या आशाताईंनी, आणि त्यानंतर डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रुग्ण कल्याण समितीत नेहमी उपचार घेणारे किमान दोन रुग्ण घ्या, त्यात एक बाई असू द्या. बैठकीला येण्याने त्यांची मजुरी बुडते, ती भरून द्या. आणि बैठकीत काय ठरलं ते ग्रामसभेत वाचून दाखवा.

– एक वाचक, जि. सांगली