पुस्तक छापायला जाते त्याच दिवशी त्याची फाइलही द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

यांस सादर नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. बालभारतीचे प्रत्येक पाठ्यपुस्तक ज्या दिवशी छपाईला जाईल, त्याच दिवशी त्याचा युनिकोडमधला (म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला संकेत असलेला) मजकूर ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात सर्वांसाठी खुला व्हावा.

पीडीएफ आहेच की, असे आपल्या विभागातून कुणीतरी म्हणेल. पुस्तकांची पीडीएफ मोफत मिळते आणि आम्हा शिक्षकांना ती रोज उपयोगी पडते, हे खरेच. पण पीडीएफ म्हणजे छापील पानाचा जसाच्या तसा ठसा. माझ्या वर्गातल्या एका मुलाला स्नायूंच्या आजारामुळे पुस्तक हातात धरता येत नाही. डोळे उत्तम आहेत, वाचायची हौस दांडगी आहे. त्याच्यासमोर स्टँडला मोबाइल लावून देतो. अक्षर दिसेल इतके पान मोठे केले की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग ओळ संपवायला पान सरकवायचे, पुढच्या ओळीसाठी परत मागे आणायचे. दोन परिच्छेदांत त्याचा अंगठा थकतो आणि तो म्हणतो, “बाई, तुम्हीच वाचा ना.” ईपबमध्ये अक्षर कितीही मोठे केले तरी ओळ पडद्यात मावते, पान उलटायला एक हलका स्पर्श पुरतो. त्याला स्वतःचे स्वतः वाचायचे आहे, एवढेच.

दृष्टिबाधित मुलांची अडचण निराळी दिसते, मूळ तेच. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, अक्षरांचे चित्र वाचत नाही, त्यामागचा संकेत वाचते. आपल्याकडे कितीतरी मजकूर अजून युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकलेला आहे. पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरे असतात. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये टाइप केलेली ‘आई’ संगणकाच्या लेखी ‘व्ही, के, बी, झेड’ अशी असते आणि अंध मुलाच्या कानावर तेच पडते. पान नुसते स्कॅन केलेले असेल तर काहीच ऐकू येत नाही.

मग स्वयंसेवक छापील पुस्तक स्कॅन करतात, ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली) लावतात आणि ‘घर’चे झालेले ‘धर’, ‘भात’चा झालेला ‘मात’ ओळीओळीने दुरुस्त करत बसतात. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण साहेब, डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी पाने जुळवण्याच्या वेळी तो मजकूर संगणकावर एकदा टाइप झालेलाच असतो! तो कागदावर उतरवायचा, कागदावरून पुन्हा संगणकात आणायचा आणि पुन्हा तपासायचा, हा द्राविडी प्राणायाम सरकारी पुस्तकासाठी कशाला? तोवर वर्ग चार धडे पुढे गेलेला असतो.

ऑडिओ पुस्तके आहेत, हेही उत्तर मिळते. गोष्ट ऐकायला ती छानच. पण मी भाषा शिकवते. ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलण्यात बहुधा सारखेच ऐकू येतात. केवळ ऐकून शिकलेल्या मुलीला ऱ्हस्व-दीर्घ कळणार कसे, आणि शुद्धलेखनाचे गुण मग कोणत्या तोंडाने कापायचे? तिच्या बोटाखाली ब्रेल हवे, नाहीतर शब्द अक्षर-अक्षर सुटा करून ऐकता यायला हवा. दोन्हींसाठी मूळ मजकूरच लागतो. ब्रेल छापणारे यंत्र त्याच्यावरच चालते, मोठ्या टायपातली प्रतही त्यातूनच निघते.

कायद्याची आडकाठी कुठेच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी सुगम प्रती करायला मुभा मिळाली. अशा प्रतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच. त्या करारात अंध वाचकांबरोबरच ज्यांना पुस्तक धरता किंवा हाताळता येत नाही तेही येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १७ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके मोफत देण्याविषयी सांगते. जे पुस्तक वाचताच येत नाही, ते दिले असे कसे म्हणायचे?

आदेश काढताना काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, नाहीतर कुणीतरी पीडीएफचेच रूपांतर करून मोकळे होईल. धड्याचे नाव नुसते ठळक अक्षरात नको, फाइलमध्ये त्याची शीर्षक म्हणून खूण हवी, म्हणजे मुलाला एका धड्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येईल. छापील पुस्तकाचे पृष्ठक्रमांक फाइलमध्ये हवेत, कारण वर्गात आम्ही “पान ४२ काढा” असेच म्हणतो. गणिताची सूत्रे चित्र म्हणून चिकटवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, चित्रांचे वर्णन. भूगोलात ‘नकाशाचे निरीक्षण करा व उत्तरे लिहा’ असा प्रश्न येतो, तेव्हा अंध मुलाच्या वाट्याला फक्त प्रश्न येतो. त्या नकाशात कोणती नदी कुठून कुठे वाहते, हे शब्दांत लिहायचे काम विषय समितीनेच करावे. नकाशा का घातला हे तिलाच ठाऊक असते. काही नकाशे शब्दांत मावणार नाहीत, ते बोटांना कळतील असे उठावाचेच करावे लागतील.

खर्च फारसा नाही. डीटीपीच्या निविदेत आणि करारात एक अट वाढेल: तपासलेली युनिकोड ईपब फाइल दिल्याशिवाय अंतिम देयक नाही. पीडीएफ आधीच मोफत असल्यामुळे चोरीची भीतीही नाही. फाइल बालभारतीच्या संकेतस्थळावर ठेवावी, शिवाय दिव्यांग वाचकांसाठी २०१६ पासून सुरू असलेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात जमा करावी. सुरुवात दहावीपासून केली तरी चालेल.

एक विनंती आणखी. फाइल बरोबर झाली की नाही, याचा शेरा डोळसांकडून घेऊ नका. राज्यात स्क्रीन रीडरवर रोज काम करणारे अंध शिक्षक आहेत. एक धडा त्यांच्या हाती द्या, काय अडते ते लगेच सांगतील. त्यांची सही झाल्यावरच फाइल स्वीकारली जाईल, अशी ओळ आदेशात असावी, आणि तो आदेश पुढच्या वर्षीची छपाई सुरू होण्याआधी निघावा.

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका