रेतीतल्या फटक्याविषयी मित्रास पत्र

मुक्काम शेतावर, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नागपूरला गोल्फ खेळताना एकाच बंकरमध्ये, म्हणजे रेतीच्या खड्ड्यात, तुझे चार फटके गेल्याचे तुझ्या पत्रात वाचून मला हसू आले, कारण हिवाळ्यात तिथेच माझे पाच गेले होते आणि तू ते मोठ्याने मोजले होतेस.

गावी आल्यापासून गोठ्याच्या बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगावर मी रोज सकाळी सँड वेज, म्हणजे रेतीतून चेंडू काढायची काठी, घेऊन उभा राहतो. पहिल्या दिवशी सालदार फावडे घेऊन मदतीलाच धावला.

आपली चूक अशी की आपण चेंडूला मारायला जातो. काठी चेंडूच्या सुमारे दोन इंच मागे रेतीत शिरली पाहिजे, म्हणजे चेंडू रेतीच्या थरावर बसूनच बाहेर पडतो. मी बोटाने रेघ ओढतो आणि चेंडू न ठेवता, रेती दरवेळी त्या रेघेवरूनच उडते की नाही, एवढेच पाहतो. फटके मोजून खेळायच्या स्पर्धेत मात्र फटक्यापूर्वी चेंडूमागे रेतीला काठी टेकवलीस, तर दोन फटक्यांचा दंड बसेल.

काठी रेतीत रुतते ती पुढच्या कडेमुळे. आपल्या वखराची पास जास्त कलली की ती खोल जाते आणि बैल अडतात, तसेच हे आहे. अमेरिकन गोल्फपटू जीन सॅराझनने काठीच्या तळाला सोल्डर चढवून मागची कड पुढचीपेक्षा खाली आणली आणि १९३२ साली तीच काठी घेऊन ब्रिटिश ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा जिंकली. ती मागची कड रेतीवरून घसरते, रुतत नाही. तिचा उपयोग व्हावा म्हणून काठीचे तोंड, म्हणजे चेंडूकडची सपाट बाजू, आधी उघडायचे, म्हणजे आकाशाकडे कलते करायचे, आणि मगच मूठ धरायची. मी मूठ धरून मनगट वळवत असे, त्यामुळे फटक्याच्या वेळी तोंड पुन्हा मिटत असे. चेंडू रेतीत अर्धा गाडला गेला असेल तर मात्र तोंड उघडू नकोस. तिथे काठी खोल जाणेच हवे असते.

तुझे खरे दुखणे मला वेगळेच वाटते. भोकाभोवतीची हिरवळ जवळ दिसली की तू भीतीने हात मध्येच आवरतोस. रेती वेग खाते, म्हणून दहा पावलांच्या फटक्यालाही झोका मोठा घ्यावा लागतो आणि तो छातीपलीकडे पूर्ण न्यावा लागतो. हे कळूनही माझे दहातले तीन चेंडू अजून ढिगातच राहतात.

गवंडी सोमवारपासून येणार आहे. त्याआधी दोन दिवस काढून ये आणि तुझी सँड वेज सोबत आण. माझी काठी तुला आखूड पडेल.

तुझा मित्र