नागपूरच्या बर्डीवरच्या चष्मेवाल्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानात आलो की तुम्ही चहा मागवता, गप्पा रंगतात आणि आभार मानायचे राहूनच जातात. शिवाय हे चार लोकांनी वाचावं असंही वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

मी कानाची ऑपरेशनं करतो. स्टेपीज म्हणजे कानातलं इवलंसं हाड. त्याच्या ऑपरेशनात ज्या तळाला भोक पाडायचं तो जेमतेम ३ मिलिमीटर लांब, त्यात बसवायचा पिस्टन, म्हणजे बारीक कृत्रिम दांडी, ०.६ मिलिमीटर जाडीचा. हे सगळं मायक्रोस्कोपमधून पाहत करायचं. तिथे कडा पुसट दिसून चालत नाही. चाळिशी लागली आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वरून खाली दूरपासून जवळपर्यंतचे नंबर) नेमका तिथेच दगा देऊ लागला. मान जरा हलली की आयपीससमोर, म्हणजे मायक्रोस्कोपला डोळा लावतो त्या भिंगासमोर, काचेतला वेगळाच नंबर यायचा. चष्मा काढावा, तर आयपीसची रिंग फिरवून साधा नंबर जुळतो, सिलिंड्रिकल, म्हणजे एकाच दिशेतला जास्तीचा नंबर, जुळत नाही. आणि माझ्या तर दोन्ही डोळ्यांना सिलिंडर.

‘होईल सवय, डॉक्टर,’ एवढंच सगळीकडे ऐकलं होतं. तुम्ही मात्र म्हणालात, ‘बसता कसे, ते दाखवा.’ आणि सुटीच्या दिवशी धंतोलीत आलात. रिकाम्या ऑपरेशन थिएटरमध्ये मला मायक्रोस्कोपवर बसवलंत, कोऱ्या काचांची फ्रेम चढवलीत आणि बाजूने वाकून, आयपीसचा मध्य काचेवर जिथे येतो तिथे स्केच पेनने ठिपका दिलात. उजवा ठिपका डाव्याहून किंचित वर आला, तेही टिपून घेतलंत. मग सिस्टरच्या हत्यारांच्या ट्रेपर्यंतचं अंतर टेपने मोजलंत.

त्यातून झालेला चष्मा असा: वरचा सगळा भाग दूरच्या नंबरचा, कारण मायक्रोस्कोपात डोळा दूरचंच पाहत असतो, जवळच्या नंबरचा तुकडा अगदी खाली, ट्रेच्या अंतराचा. फ्रेम लहान, डोळ्यांच्या जवळ बसणारी. आयपीसचा रबरी कप दुमडला की मायक्रोस्कोपातलं पूर्ण दृश्य दिसतं. दोन्ही रिंगा आता शून्यावर असतात, झूम बदलला तरी फोकस टिकतो आणि स्क्रीनवर शिकाऊ डॉक्टरांनाही स्वच्छ दिसतं.

१९२१ मध्ये स्टॉकहोमला निलेन या कानाच्या डॉक्टरांनी कानाच्या ऑपरेशनला मायक्रोस्कोप वापरला. तेव्हापासून यंत्रं किती सुधारली! पण त्याला डोळा लावणाऱ्याच्या चष्म्याबद्दल शिकताना आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते तुमच्याकडून कळलं, काका. मनापासून आभार.

धंतोली-रामदासपेठेतले काही सहकारी तुमचा पत्ता मागताहेत. त्यांनाही आधी मायक्रोस्कोपवर बसवा. आणि त्यांच्याकडून येण्याजाण्याचे पैसे नक्की घ्या. माझ्याकडून घेतले नाहीत, ते मला अजून पटलेलं नाही.

तुमचाच,
कानाचा डॉक्टर